न वाचता केलेली सही
"सर, ही चूक माझ्या ज्युनिअरची. दिघ्याहून येते, मराठी शाळेतली आहे. या लोकांच्या हातात एआय दिलं की असं होतं."

बेलापूरच्या भरल्या कोर्टात माझे सीनिअर वकील माझ्याकडे बोट दाखवून हे बोलले. मागच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. त्यातला एक सकाळीच माझ्याकडून स्टेपलर मागून घेऊन गेला होता. 'या लोकांच्या' म्हणजे कोणाच्या, हे तिथं कोणाला विचारावं लागलं नाही. माझं आडनाव वकीलपत्रावर आहे.

मी गप्प उभी राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही किळस येते.

अशील होत्या सारसोळ्याच्या हिराबाई. जवला सुकवायचं त्यांचं खळं शेजारच्या सोसायटीला पार्किंगसाठी हवं होतं. खळं गेलं तर धंदा बंद, घर बसलं. म्हणून कोर्टाचा मनाई हुकूम मागायला त्या आमच्याकडे आल्या. मी त्यांच्यासमोर बसून त्यांचं म्हणणं लिहून घेतलं, चार पानं, त्यांच्याच बोलीत. सासू तिथंच सुकवायची, तेव्हा सोसायटी नव्हती, नुसता चिखल होता. सगळं.

सीनिअरनी त्या चार पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि एआयला दिले. चहा संपायच्या आत बारा पानांचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र तयार. "बघ," ते म्हणाले, "तुला आठवडा लागला असता."

प्रतिज्ञापत्राच्या शेवटी एक ओळ असते. मजकूर अर्जदाराला मराठीत वाचून, समजावून सांगितला. त्याखाली वाचून दाखवणारा सही करतो. आमच्या ऑफिसात ती सही माझी. मी म्हटलं, "सर, एक दिवस द्या. आधी मी वाचते, मग सारसोळ्याला जाऊन त्यांना वाचून दाखवते."

"वाचून काय दिवे लावणार आहेस? हे इंग्रजी तुला झेपणार आहे का? सही कर."

केली. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात उभं राहून पॅकिंग करून आईनं मला वकील केलं, आणि मी न वाचता सही केली. नोकरी जाईल ही भीती होती. भीती खरी होती, पण सहीसुद्धा माझीच होती.

हिराबाई पेन हातात धरून थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, तू वाचलंस ना? मंग झालं." मी मान हलवली.

सुनावणीला सोसायटीच्या वकिलांनी नववा परिच्छेद मोठ्यानं वाचला. अर्थ असा: अर्जदार ही सोसायटीच्या परवानगीने सदर जागेत मासळी सुकवते. परवानगी! जी दिली ती काढूनही घेता येते. एका वाक्यात पिढ्यांचा हक्क सोसायटीची मेहरबानी झाला. माझ्या चार पानांत तो शब्द कुठंच नव्हता. एआयनं गृहीत धरलं असावं, लोक दुसऱ्याच्या भिंतीला लागून काही करतात तर विचारूनच करत असतील. आणि ते आम्हा दोघांपैकी कोणीच तपासलं नाही.

न्यायाधीशांनी ते वाक्य मराठीत सांगून हिराबाईंनाच विचारलं, "हे तुम्ही सांगितलंत?"

"मी असं कवा बोलली? कोनाची परवानगी? तवा सोसायटीच नव्हती!"

"मग तुम्हाला हे वाचून कोणी दाखवलं?"

तेव्हा सीनिअरचं बोट माझ्याकडे वळलं.

कोर्टानं पुढच्या तारखेपर्यंत जागा जैसे थे ठेवायला सांगितलं आणि झालेल्या चुकीबद्दल लेखी खुलासा मागितला. ऑफिसात पोचले तर खुलासा टेबलावर तयार होता, माझ्या नावाचा. तोही एआयनंच लिहिलेला. मी नवशिकी आहे, मागास व गरीब पार्श्वभूमीतून आल्यामुळे माझं इंग्रजी कच्चं आहे, वरिष्ठांचा यात काहीही दोष नाही, मी क्षमा मागते. भाषा अगदी गुळगुळीत. त्यांनी कोर्टात तोंडानं जे सांगितलं, तेच आता माझ्या सहीनं कायमचं कागदावर ठेवायचं होतं. माझी लाचारीसुद्धा मी स्वतः लिहायची नव्हती, तीही तयार मिळाली होती.

"सही कर आणि विषय संपव," ते म्हणाले.

"नाही करणार."

"सनद जाईल तुझी."

"न वाचता सही केलीय, तर विचारतीलच मला. तुम्हालाही विचारतील."

ते काहीतरी ओरडत होते. मी माझी फाईल उचलली आणि जिना उतरले.

तिथून सरळ सारसोळ्याला गेले. हिराबाई खळ्यावर जवला पसरत होत्या. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, "मावशी, मी तो कागद वाचलाच नव्हता."

त्यांनी हात थांबवला. "मंग मान कशाला हलवलीस?"

त्यांनी पाठ फिरवली. मला बस म्हणाल्या नाहीत, आणि म्हणू नये हेच बरोबर होतं.

माझा खुलासा मी हातानं लिहिलाय, मराठीत. हिराबाईंची चार पानं सोबत जोडलीत. प्रतिज्ञापत्र कोणी, कशावर, किती वेळात तयार केलं ते लिहिलंय. मी न वाचता सही केली आणि अशिलाशी खोटं वागले, हे पहिल्या ओळीत लिहिलंय. तारखेला मी तो भरल्या कोर्टात मोठ्यानं वाचणार आहे. हसणाऱ्यांनी हसावं. माझा गुन्हा मी घेईन, सीनिअरचा एक शब्दही माझ्या अंगावर घेणार नाही.