पानाखालची पट्टी

नागोरावांनी पुस्तक उघडलं, दहा-बारा पानं उलटली आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, हिथं लिवलेलं होतं."

"कुठं?"

"पानाच्या खाली. कोऱ्या जागंत. तुमी कापून टाकलं."

मी नुकतंच कापलं होतं. कटिंग मशीनचं पातं अजून पुसायचं होतं. खाली कागदाच्या पट्ट्यांचा ढीग पडला होता.

मी हिंगोलीत बाइंडिंगचं काम करते. शाळा चौथीपर्यंत झाली. काम नवऱ्यानं शिकवलं. तो गेल्यावर मशीन राहिली, म्हणून काम राहिलं. फाटलेलं पुस्तक आलं की आधी जुनी शिलाई सोडवायची. पानं लावून परत शिवायची, पाठीला खळ द्यायची, शिकंज्यात दाबून ठेवायचं. शिकंजा म्हणजे लाकडी दाबयंत्र. ते वाळलं की तीन बाजू कापून कडा सारख्या करायच्या. पानं लावताना मी वरचा नंबर बघते. मजकूर वाचत नाही. वाचत बसले तर काम कधी होणार?

ही कादंबरी आखाडा बाळापूरकडच्या एका वाचनालयाची होती. कडा फार फाटल्या होत्या, म्हणून खालून बोटभर जास्तच कापलं. नागोराव तिथले मेंबर. एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. पुस्तक तयार व्हायची वाट बघून कंटाळले आणि स्वतःच घ्यायला आले.

मी म्हटलं, "लायब्ररीच्या पुस्तकावर लिवायचं काहून? वही मिळत न्हाई का?"

"वहीत कोण वाचतंय?"

मग त्यांनी सांगितलं. पेन्सिलीनं ते लिहायचे. निळ्या पेनानं दुसरं कोणीतरी उत्तर द्यायचं. पुस्तक आलटून-पालटून दोघं घरी न्यायचे. पुस्तकावर लिहिलं तर मेंबरशिप बंद होते, म्हणून वाचनालयाच्या मॅडमला विचारायची सोय नव्हती. ते निळं पेन कोणाचं, हे नागोरावांना ठाऊक नव्हतं.

"कादंबरीत हाय तरी काय?" मी विचारलं.

"रेल्वे फाटकावरचा गेटमन. पलीकडं एक पिठाची गिरणीवाली. दोघंबी एकटे. रोज एकमेकाला बघतेत. बोलत न्हाईत."

"मग तीनशे पानं काय लिवलं?"

"तेच."

मला हसू आलं होतं. त्यांचं तोंड बघून हसले नाही.

चूक माझी होती. मी ढीग चादरीवर ओतला आणि म्हटलं, "बसा. लावू."

वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. काही अक्षरं अर्धी कापली होती. वरचा अर्धा भाग पानावर, खालचा पट्टीवर. जुळलं की कळायचं. बाकी नागोरावांना आपलं लिहिलेलं पाठ होतं. घरी बोलायला कोणी नसलं की असंच होत असावं. बायको जाऊन सात वर्षं झालेली, लेक पुण्याला.

एका पानाखाली पेन्सिलीनं होतं, "यानं एकदा गिरणीत जायला पाहिजे होतं."

निळ्या पेनानं होतं, "दळण नसताना कोण जातं?"

"पायलीभर ज्वारी घेऊन जावं."

"एकट्या माणसाला पायलीभर? ती ओळखेल."

"ओळखू दे की."

त्याखाली निळ्या पेनानं काहीच नव्हतं. नागोराव म्हणाले, "ह्याला जवाब यायचा होता. तेवढ्यात पुस्तक तुमच्याकडं आलं."

जवाब आलेला होता. दुसऱ्या दिवशी नागोराव परत आले, तेव्हा शेवटच्या पानाची पट्टी सापडली. निळी, तीन ओळींची.

"ओळखू दे म्हणालात, म्हणून लिहिते. मी दर मंगळवारी अकरा वाजता वाचनालयात खिडकीपाशी बसते. पुढच्या महिन्यात माझं नांदेडला ऑपरेशन आहे, त्याआधी भेटा."

नागोरावांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "मी शनिवारी जायचो."

मी मॅडमला फोन लावला आणि हे पुस्तक आणखी कोण न्यायचं ते विचारलं. मॅडम रजिस्टर बघून म्हणाल्या, "मावशी, त्या सुशीलाबाई. शाळेत शिक्षिका होत्या. एकट्याच राहायच्या. दर मंगळवारी यायच्या आणि हेच पुस्तक मागायच्या. मी सांगायचे, बाइंडिंगला गेलंय."

"यायच्या म्हणजे? आता?"

"गेल्या ना त्या. ऑपरेशननंतर, नांदेडलाच. तीन आठवडे झाले."

फोन स्पीकरवर होता. नागोरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

पुस्तक माझ्याकडं दोन महिने पडून होतं. शाळांची रजिस्टरं आली होती, ती आधी केली. कादंबरीची कोणाला घाई असते, असं मी मॅडमला म्हटलेलं मला आठवत होतं. ते मी नागोरावांना सांगितलं. लपवून काय करायचं?

त्यांनी ती पट्टी उचलून हातात घेतली. मग म्हणाले, "तुमाला काय ठाऊक? मंगळवारी बायकोच्या गावाची गाडी रिकामी असायची, म्हणून आमी तवाच तिकडं जायचो. ती गेली तरी मंगळवारी मी दुसरीकडं कुठं जात न्हाई. सवय. नुसती सवय."

 मी चहा टाकला.

मी पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं शिवली आणि पट्ट्या नंबरवार चिकटवल्या. शेवटची पट्टी त्यांनी लावू दिली नाही. ती घेऊन गेले. मॅडमनी पुस्तक तसंच कपाटात लावलं. मेंबरशिपही चालू राहिली.

आता मी कापण्याआधी प्रत्येक पान खालपर्यंत बघते. वेळ जातो. आणि कोणतंच पुस्तक रजिस्टरांच्या खाली ठेवत नाही.

हिंगोलीला काम निघालं की नागोराव दुकानात येतात. स्टुलावर बसतात, चहा घेतात, पाचची गाडी धरतात. आम्ही फार बोलत नाही. सुशीलाबाई गेल्या. नागोराव आहेत, मी आहे.