मागं राहिलेलं अंडं

आमच्याकडं कोंबडी पिल्लं घेऊन उठली, की उबवणीच्या बुट्टीत मागं राहिलेली अंडी उकिरड्यावर जातात. माझी आई तेच करायची, सासूही तेच. का, ते कुणी विचारलं नाही. कोंबडीला कळतं, एवढं धरून चालायचं.

यंदा माझ्या नातीच्या वर्गात बाईंनी अंडी उबवायला थर्माकोलचा खोका मांडला. आत पिवळा बल्ब, पाण्याची वाटी, वर काच. प्रत्येकानं घरून एक गावठी अंडं आणायचं आणि त्यावर पेन्सिलीनं आपलं नाव घालायचं. मी म्हटलं, "आता कोंबड्यास्नी पेन्शन द्या म्हणावं तुझ्या बाईंना." नातीला ते आवडलं नाही. आमच्या तांबड्या कोंबडीचं अंडं तिनं रुमालात गुंडाळून नेलं.

पिल्लं निघायला लागली त्या दिवशी मी तिला आणायला शाळेत गेले होते. काचेतून बघितलं आणि तिथंच उभी राहिले. जन्म कोंबड्यांत गेला, पण अंडं फुटताना मी कधी बघितलं नव्हतं. ते सगळं कोंबडीच्या पोटाखाली व्हायचं. इथं उघड्यावर एक ओला, लिबलिबीत गोळा मान टाकून पडला होता. मेलं, असं मी म्हणणार तेवढ्यात ते धडपडून उठलं.

दुसऱ्या दिवशी गेले, तर खोका पिल्लांनी भरला होता. कोपऱ्यात एकच अंडं तसंच, माझ्या नातीचं. एक पोरगी ओरडत होती, "हिचं अंडं आमलेटचं हाय!" सगळा वर्ग हसला. नात काचेला नाक लावून बसली होती.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "आजी, एवढा वेळ झाला, आता ते निघेल असं वाटत नाही. तिच्यासमोर नको. मी मुलांना बाहेर नेते, तुम्ही ते घेऊन जाल का?"

"त्यात काय," मी म्हटलं. "आम्ही टाकतोच की."

मुलं मैदानात गेल्यावर अंडं पदरात घेऊन मी शाळेच्या मागं कचऱ्याच्या खड्ड्यापाशी आले. टाकायच्या आधी अंडं कानाशी हलवून बघायची माझी सवय आहे. आत डचमळलं, की नासकं.

ते डचमळलं नाही. आतून ओरडलं.

आधी वाटलं, झाडावर काहीतरी आहे. परत कानाशी धरलं. कवचावर टकटक, मग बारीक चिवचिव, अगदी कानात. तशीच भिंतीला धरून खाली बसले. या हातानं मी कोंबड्या कापल्यात, कधी डोळा ओला झाला नाही. पण बंद अंड्यातून हाक येते, हे मला या वयापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी थांबून ऐकलं नव्हतं.

पळायचं वय नाही, तरी पळाले. वर्गात नात एकटीच परत आली होती आणि रिकाम्या कोपऱ्याकडं बघत होती.

"आज्जे, माझं अंडं कुठाय?"

"हे घे. जित्तं हाय."

तिनं कानाला लावलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग अंडं आत ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"तू कुठं घेऊन गेलतीस?"

"टाकायला."

ती रडली नाही. फक्त माझ्या आणि खोक्याच्या मधे येऊन उभी राहिली.

पिल्लू दुसऱ्या दिवशी निघालं. आता घरी कोंबडी उठली, की नात बुट्टीपाशी बसते, मागं राहिलेलं एकेक अंडं कानाला लावते आणि मगच माझ्या हातात देते. मला आधी हात लावू देत नाही. मी उकिरड्याच्या वाटेवर उभी राहते, तिचं होईपर्यंत.