तुळशीवरची पंगत

मधमाश्या, फुलपाखरं येऊन राहतील अशी बाग कशी करायची, हे मी सध्या शिकतेय. रविवारी वर्ग असतो. तिथं पहिल्यांदा शिकले ते हात आवरायला. वाळकी काडी लगेच उचलायची नाही, फुलोरा दिसला की खुडायचा नाही.

शेजारच्या कुसुमकाकूंचं मात्र उलट. येता-जाता कुणाच्याही तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या, ही त्यांच्या बोटांची सवय. मंजिऱ्या ठेवल्या तर तुळस वाळते, असं त्या म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही.

आज सकाळी त्या विरजण मागायला आल्या. बोलता बोलता हात तुळशीकडे गेला. मी काही म्हणणार, तोच तो हवेत थांबला. मंजिरीवर एक मधमाशी होती. इवल्याशा फुलांत तोंड खुपसून ती इतकी रमली होती, की आम्ही दोघी तिच्या खिजगणतीतही नव्हतो.

"जेवतेय ती," काकू हळूच म्हणाल्या. "ताटावरून उठवू नये."

न बोलावता आलेल्या पाहुण्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. वाटलं, आपण घर म्हणतो त्यात किती जणांची सोय करायची राहून जाते आणि ती करायला किती थोडं लागतं.

काकू विरजणाची वाटी घेऊन निघाल्या. जाताना त्यांच्या दारातल्या तुळशीपाशी थांबल्या. तिला नवी मंजिरी आली होती, तिच्यावर अजून कुणीच बसलेलं नव्हतं. पुढं गेलेला हात काकूंनी मागं घेतला.