एकविसावं नाव

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये दत्ताराम पाष्टे एकोणीस वर्षं पत्रा कापतो आहे. एसीचे डक्ट बनतात ना, तो पत्रा. या एकोणीस वर्षांत घरचे सोडून गावातल्या कुणाला त्याची आठवण आली असेल, तर ती अत्तराच्या बाटलीपुरती. पण त्या आठवड्यात सोमवारपासून त्याचा फोन असा काही वाजत सुटला, की शेजारच्या मशीनवरच्या माणसाने काळजीने विचारलं, घरी काही बरंवाईट तर झालं नाही ना.

बरंवाईट झालं होतं ते पक्षाचं. तालुक्यातला पक्ष ज्यांनी उभा केला ते नाना दोन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्या तेराव्याचं जेवण पचायच्या आत पक्षाचे दोन तुकडे झाले. एक रामेश्वरचा, एक ममताताईंचा. आता विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि मुंबईहून निरोप होता, की तालुका समितीने उमेदवार म्हणून एकच नाव कळवावं. समिती एकवीस जणांची. मोजून पाहिलं तर दहा इकडे, दहा तिकडे. मग कुणाला तरी सुचलं, की अरे, एकविसावा कोण? जुनं रजिस्टर निघालं आणि त्यात शेवटच्या ओळीवर आमचा हा पत्रा कापणारा.

सव्विसाव्या वर्षी दत्ताराम नानांच्या मागे शिडी घेऊन फिरायचा, बॅनर बांधायचा. पोरगा कामाचा म्हणून नानांनी त्याचं नाव समितीत घातलं. पुढे तो दोन वर्षांत येतो सांगून शारजाला आला. नानांनी ते खरं धरलं आणि त्याचं नाव खोडायचं कुणी काढलं की म्हणायचे, राहू दे, येईल तो. त्यांच्यामागे ते रजिस्टर कुणी उघडलंच नाही. खुद्द दत्तारामही ते विसरला होता.

आता मात्र तो एका दिवसात ‘दत्तारामभाऊ’ झाला. त्या देशात व्हॉट्सअॅपवर बोलता येत नाही, म्हणून सगळ्या समितीने त्याच्यासाठी बोटिम नावाचं तिकडचं अॅप उतरवून घेतलं. रामेश्वरने नानांच्या शपथा घातल्या. ममताताई स्वतः बोलल्या, तब्येत विचारली, तिकडे उकाडा फार का हो म्हणाल्या. दत्ताराम प्रत्येकाला “बघू” म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर उगाच शर्टाची कॉलर सारखी करायचा. खरं सांगायचं तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, सहा जणांच्या खोलीत वरच्या बर्थवर झोपणाऱ्या माणसाला कुणी ‘तुमच्याशिवाय अडलंय’ म्हणालं, तर चढणारच.

फक्त झोप उडाली. जेवताना लक्ष नाही, बसमध्ये स्वतःशीच पुटपुटणं. बुधवारी त्याने चारशे मिलिमीटरचा तुकडा साडेतीनशेचा कापला, एक नाही, सहा. सुपरवायझर राहुल, पुण्याचा, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, ओरडला नाही. त्याने नुसते ते तुकडे एकावर एक ठेवले.

“दत्तारामभाऊ, प्रॉब्लेम काय आहे?” तो म्हणाला. “फोन स्विच ऑफ करा आणि हे खलास करा आधी. साइटवाले थांबलेत.”

या ‘भाऊ’मध्ये काही गंमत नव्हती. दत्तारामने मान खाली घालून पत्रा ओढला.

खोलीत खैरुद्दीन होता, दापोलीकडचा, बारा वर्षांपासूनचा सोबती. त्याचं मत सरळ होतं. ही माणसं तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत, तू इथे पडशील तर लागणार तुला नाही, तुझ्या बायकोला. शिवाय या मुलुखात राजकारणाचा मोठ्याने उच्चार करू नको, खालच्या बर्थवरचे ऐकतात. दत्ताराम म्हणाला, मला कळतं. पण कळलं होतं ते अर्धंच.

उरलेलं अर्धं गुरुवारी बायकोने, आशाने, फोनवर सांगितलं.

आशाचं घर वाडीत बरोबर मधे. डावीकडे वासुदेव. तोही समितीतला, आणि रामेश्वरचा उजवा हात. आशाच्या घरात नळाला येणारं पाणी त्याच्या विहिरीवरच्या पंपाचं. नळयोजनेचं काम अर्धवट राहिल्यापासून सहा वर्षं तिथूनच येतं. उजवीकडे कृष्णाबाई, जिचा मुलगा ममताताईंची गाडी चालवतो. दत्तारामची आई शेवटच्या आजारात पडली तेव्हा हा इथे कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट आणि न मिळणारी सुट्टी यांच्यात अडकला होता, आणि कृष्णाबाई सतरा रात्री आशाच्या घरी जमिनीवर झोपली होती. या दोघांच्या मधे आशा एकोणीस वर्षं कुणाला न दुखवता राहिली. हे काम पत्रा कापण्याइतकं सोपं नाही.

आता सकाळी पडवीत वासुदेवाची माणसं बसत आणि दुपारी कृष्णाबाईचा मुलगा. चहा करून करून दूध पुरेना. दोन्हीकडून प्रेमाने बोलणं, आणि त्या प्रेमाचीच तिला भीती वाटत होती.

“तुम्ही कुणाचंच नाव घेऊ नका,” आशा म्हणाली. “तटस्थ म्हणा आणि फोन ठेवा. पुढची पाच वर्षं यांच्यात मला राहायचंय.”

“तसंच करतो,” दत्ताराम म्हणाला. “अगदी तसंच. तू काळजी करू नको.”

त्याला ते मनापासून पटलं होतं. शुक्रवारी, शनिवारी त्याने सगळ्या फोनांवर तोंडात मिठाची गुळणी धरली. दोन्ही गट अस्वस्थ झाले, आणि हा त्यांच्याहून जास्त. शनिवारी खोलीत येरझाऱ्या घालायला जागा नव्हती म्हणून तो गल्लीच्या टोकापर्यंत चालून आला, परत आला, पुन्हा गेला. ‘मी तटस्थ आहे’ हे तीन शब्द त्याने इतक्यांदा म्हणून पाहिले, की त्यांचा अर्थच डोक्यात शिरेनासा झाला.

रविवार सुट्टीचा. बैठक तिकडे अकराला, म्हणजे इकडे साडेनऊला. खोलीत लोक झोपलेले, म्हणून खैरुद्दीनने त्याला कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात नेलं आणि मागच्या टेबलावर बसवलं. करक, म्हणजे तिथला कडक दुधाचा चहा, समोर निवत होता. फोनच्या चौकोनात तालुक्याच्या कार्यालयातलं टेबल दिसू लागलं. भिंतीवर नानांचा फोटो, हार जुना. माणसं ओळखीची, पण सगळी जाडजूड झालेली. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं आणि एकेक जण उभा राहून सांगत होता. रामेश्वर. ममताताई. ममताताई. रामेश्वर. दहा आणि दहा झाले.

“दत्ताराम बाळकृष्ण पाष्टे.”

वडिलांच्या नावासकट असं त्याला किती वर्षांत कुणी पुकारलं नव्हतं. इथे तो हजेरीच्या मशीनमधला नुसता एक आकडा.  त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे वासुदेव उठला.

“अध्यक्ष, माझी हरकत आहे,” वासुदेव म्हणाला. “हा माणूस इथला राहिलाय कुठे? चार वर्षांनी एकदा पाहुण्यासारखा येतो, बॅग रिकामी करतो, जातो. आईच्या मढ्याला खांदा द्यायला आला नाही. याला इथलं काय कळतं? नाव खोडा आणि चिठ्ठी टाका.”

कुणीतरी हसलं. फार मोठ्याने नाही. वासुदेवाला कुणी गप्प बस म्हणालं नाही, ममताताईंच्या बाजूचेही नाहीत.

खैरुद्दीनने टेबलाखालून दत्तारामचा गुडघा दाबला. उपयोग झाला नाही. आईचा विषय निघाल्यावर त्याला समोर कृष्णाबाई दिसली, सतरा रात्री जमिनीवर, आणि त्याचा जिभेवरचा ताबा सुटला.

“माझं मत ममताताईंना,” तो म्हणाला, आणि आवाज असा चढला की काउंटरवरचा माणूस वळून बघायला लागला. “लिहा. पाष्टे, वाडी खालची. पाहुणा नाही मी.”

पलीकडे गलका उडाला. मग फोन कुणीतरी पालथा घातला. दत्तारामला अगदी हलकं वाटत होतं. त्याने थंड चहा एका घोटात संपवला आणि आणखी दोन मागवले. दहा मिनिटं तो राजा होता.

दुपारी समितीच्या ग्रुपवर एक फोटो आला. मुंबईने तालुक्याच्या नावाची वाटच पाहिली नव्हती. त्याच सकाळी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका बागायतदाराला उमेदवारी जाहीर झाली होती. फोटोत त्याच्या एका बाजूला रामेश्वर, दुसऱ्या बाजूला ममताताई, दोघांचे हात एकाच हाराला. मागे वासुदेव आणि कृष्णाबाईचा मुलगा खांद्याला खांदा लावून. खाली लिहिलं होतं, आम्ही सारे एक. दत्तारामने तो फोटो चारदा मोठा करून पाहिला. मग ममताताईंना फोन लावला. उचलला नाही. रामेश्वरला लावायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी आशाचा फोन आला. वासुदेवाने चार वाजता पाइप काढला होता. तिच्या दारातून गुंडाळत नेला, तिच्याकडे न बघता.

“पण आता भांडण कशाचं?” दत्ताराम म्हणाला. “ते सगळे एक झाले. माझं मत तर मोजलंसुद्धा नाही गं कुणी.”

“मोजलं नाही. ऐकलं सगळ्यांनी,” आशा म्हणाली.

तो घाईघाईने बोलत सुटला. वासुदेवाची माफी मागतो. टाकी बसवून देऊ. बोअर मारू. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकतो, स्वतः येतो, त्याच्या पाया पडतो. तो आईबद्दल बोलला म्हणून माझ्या तोंडून गेलं, नाहीतर मी तटस्थच म्हणणार होतो, देवाशप्पथ.  त्याचं संपल्यावर ती म्हणाली, पाण्याचं काही नाही, मी वहाळावरून आणते. कृष्णाबाई म्हणाली दोन हंडे तीही देईल.

“मग?” त्याने विचारलं.

“काल मी वासुदेवाच्या घरी गेले होते,” आशा म्हणाली. “त्याच्या बायकोला सांगितलं, आमचे हे कुणाचंच नाव घेणार नाहीत, माझा शब्द आहे. ती म्हणाली, वैनी, तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार. एकोणीस वर्षं हो, या वाडीत मी म्हटलं की ते खरं असायचं.”