पहिल्या गियरचा मान

माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांइतका विनयशील माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि एखाद्याचा विनय दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू यावा हेही रत्नागिरीत पुन्हा कधी घडलं नाही. काकांनी कचेरीतून शिरस्तेदार म्हणून पेन्शन घेतली आणि लगेच बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाची जुनी मोटार विकत घेतली. गावात तेव्हा मोटारी मोजक्याच. ज्यांच्याकडे होत्या ते त्यांत बसले की रस्ता आपल्या आजोबांनी बांधल्यासारखे मान ताठ करून जात. काकांची अडचण उलटी होती. मोटारीत बसून नम्र कसं राहायचं, हा प्रश्न त्यांना पहिल्या दिवसापासून छळू लागला.

लहानपणी त्यांना वळण असं लागलेलं, की सायकलवरून जाताना वडीलधारं माणूस दिसलं तर खाली उतरायचं, आणि देऊळ लागलं तर चपला काढून हात जोडायचे. चालत्या मोटारीतून उतरता येत नाही, हे एकदा प्रयत्न केल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी तोड काढली. आपल्याला उतरता येत नसेल तर गियर उतरवायचा. टॉप गियर सपाट रस्त्यावर वेगाने जाण्याचा, म्हणजे ऐटीचा. त्याखालचा दुसरा. आणि पहिला, ज्यावर मोटार जागची हलते किंवा कुथत चढ चढते, तो सगळ्यांत लीन. वडीलधाऱ्यांना दुसरा आणि देवाला पहिला, असा नियमच त्यांनी करून टाकला. यात इंजिनाचं मत काय, हे विचारण्याचं कारण त्यांना दिसलं नाही. भरवेगातली मोटार एकदम पहिल्यात ओढली, की चाकंच इंजिनाला फरफटत नेतात. मग ते एरवी फिरतं त्याच्या कितीतरी पट फिरतं आणि जिवाच्या आकांताने ओरडतं. मारुतीच्या देवळापाशी हा ओरडा झाला की पिंपळावरचे कावळे उडत आणि पुजारी आतून न बघताच "शिरस्तेदार आले" म्हणत. मावशी त्या मोटारीत एकदाच बसली. घरी आल्यावर म्हणाली, "देव दचकून उठत असेल हो. असा नमस्कार कोणाला हवाय?"

शिवाय त्या काळच्या मोटारीत गियर खाली आणणं हे सरळ काम नव्हतं. क्लच दोनदा दाबायचा, मधे इंजिनाला थोडं पेट्रोल द्यायचं, तेव्हा कुठे आतले दाते जुळत; नाहीतर ते एकमेकांना चावत आणि दांडा हाताला हिसका देई. काकांना हे क्वचितच साधे. बऱ्याचदा दांडा भलत्याच खाचेत जाऊन पडे. मिरकरवाड्यातले, आयुष्यभर होडी हाकलेले एक म्हातारे तांडेल संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बसत. काका त्यांना चाचा म्हणत आणि न चुकता दुसरा गियर देत. एकदा दुसरा देता देता चुकून पहिला पडला. गाडी अशी किंचाळली की तांडेल उठून उभे राहिले. म्हणाले, "शिरस्तेदार, हा मान पिराला द्या. मी अजून जिवंत आहे." काकांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून पिरालाही पहिला गियर सुरू झाला.

मात्र जिल्ह्याचा गोरा साहेब घोड्यावरून येताना दिसला, की काका टॉपमध्येच पुढे जात. नोकरीभर त्याच्यासमोर उठून उभा राहिलो, आता पुरे, असं ते म्हणत. त्यांच्या एवढ्या विनयात ही एक कसर मला मनापासून आवडे.

टॉपमध्येच ओलांडायचा असा आणखी एक माणूस त्यांनी ठरवून ठेवला होता, तो म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. दादा पालीला घरच्या शेतीवर असत. मोटार घेतल्यावर काका सर्वांत आधी ती दादांना दाखवायला घेऊन गेले होते. ओटीवर चार माणसं बसलेली. दादांनी सुपारी कातरता कातरता गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेबाने टाकलेली वस्तू. अंगणात घेण्याआधी धुऊन घे." काका पाणीही न घेता परत फिरले. त्यानंतर गणपतीला जाणं बंद, वडिलांच्या श्राद्धाला जाणं बंद. मावशीने दोन्हीकडे निरोप धाडून पाहिले. आधी त्याने बोलावं, असं एकच उत्तर दोन्हीकडून आलं. काका म्हणत, दादा रस्त्यात भेटू दे, टॉपमध्ये जाईन. हे ते इतक्यांदा म्हणत, की भेट कधी होते याचीच त्यांना घाई आहे, असं मला वाटू लागलं.

एका मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांसाठी पेंढा आणायला ते पालीला निघाले. पेंढा रत्नागिरीतही मिळत होता, पण ते मी बोललो नाही. शेजारी जाऊन बसलो. पालीच्या अलीकडे उतारावर गाडी ऐन वेगात असताना समोरून दादा येताना दिसले. डोक्यावर छत्री, पाठीत चांगलेच वाकलेले.

"टॉप," काका स्वतःशीच म्हणाले.

आणि त्यांच्या पायाने क्लच दाबला, सोडला, इंजिनाला बेताचं पेट्रोल दिलं, पुन्हा क्लच दाबला. दांडा लोण्यात सुरी जावी तसा थेट पहिल्यात गेला. इंजिनाने जो टाहो फोडला तसा कुठल्या देवासाठीही फोडला नव्हता. मग आत काहीतरी काडकन तुटलं आणि धूर सोडत गाडी दादांच्या पुढ्यात उभी राहिली.

दादांनी छत्री मिटली. "मेल्या, मोडलीस ना?"

"चुकून पडला, दादा."

"चुकून कसा पडेल? हात तुझाच ना?"

दादांनी मिटल्या छत्रीने समोरचा धूर बाजूला सारला.

"उतर. घरी चल. उन्हात काय बसलायस?"

"आणि ही?"

"हिला बैल लावू."

बैलांनी ती अंगणापर्यंत ओढत आणली. धुण्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. गड्याने चाकांपाशी पेंढा टाकला आणि दादांनी स्वतः तांब्या आणून काकांच्या हातात दिला. गियर चुकूनच पडला, असं काका पुढे जन्मभर सांगत राहिले. मी त्यांचा पाय पाहिला होता, पण मला कोणी विचारलं नाही.

कोल्हापुराहून सुटे भाग येऊन गाडी दुरुस्त झाली, आणि दादा तिच्यात बसू लागले. त्यातून नवीनच पेच निघाला. थोरला भाऊ शेजारीच बसलेला असताना टॉप टाकायचा कसा? पालीहून रत्नागिरीपर्यंत सगळा रस्ता पहिल्या गियरमध्ये होऊ लागला. पाणी उकळे, बैलगाड्या मागून येऊन पुढे जात, पायी चालणारे शेजारून चालता चालता ख्यालीखुशाली विचारत. दादा म्हणत, यापेक्षा आमचे बैल बरे. पण उतरत नसत. मी मागच्या बाकावर असे. इंजिनाच्या घरघरीत त्यांचं बोलणं मला ऐकू येत नसे. एकमेकांकडे झुकलेली दोन पांढरी डोकी तेवढी दिसत.

दादा गेले तेव्हा आम्ही त्याच रस्त्याने निघालो. शेजारची जागा रिकामी होती. काकांनी टॉप टाकला. पाली फार लवकर आली.