श्रावणात पाहिलेलं गाव

घर कुठं घ्यायचं यावरून आमच्याकडं वर्षभर वाद चालला. ह्यांची बँकेतली नोकरी संपली होती, जळगावच्या उन्हाला दोघंही विटलो होतो, आणि ह्यांना डोंगराचं वेड. रविवार उजाडला की पाठीला पिशवी, हातात काठी, आणि निघाले. आता म्हणे उरलेलं आयुष्य पायथ्याशीच काढायचं, रोज दारातून निघायचं ते थेट वर चढायचं. मी म्हटलं, मग चाळीसगाव बघा. पाटणादेवीचे डोंगर आहेत, रेल्वे आहे, दवाखाने आहेत. तर म्हणाले, तिथं राहून डोंगराला जायला बस धरावी लागेल, मला दारात डोंगर हवाय. घ्या!

शेवटी चोपड्याच्या पुढचं, सातपुड्याला टेकलेलं एक गाव ठरलं. बघायला गेलो श्रावणात. आपल्याकडं डोंगर बघायचा तो श्रावणातच, एरवी कोण फिरकतं तिकडं? सगळं हिरवंगार, ओढा वाहतोय, दारादारात माणसं. शेजारचा एक तरणा गडी निंदणी सोडून आला आणि ह्यांना वरच्या पठारापर्यंत घेऊन गेला. उतरताना ह्यांचा पाय मुरगळला, तर त्यानं चक्क पाठुंगळी घेऊन खाली आणलं. ‘भाऊ, भाऊ’ करत होता. हे खूश. मला म्हणाले, "तुला दवाखान्याची काळजी ना? बघ, इथं माणसं आहेत."

आम्ही पाणी विचारलं, लाईट विचारली, साप-विंचू विचारले. माणसं बारा महिने असतात का, हे कोण विचारतं?

घर घेतलं आणि दसऱ्याला राहायला आलो. दिवाळी झाली आणि ट्रक आले. ऊसतोडीला न्यायला. दोन दिवसांत गाव रिकामं झालं. दारांना काट्यांच्या फांद्या लावून, कोंबड्यासुद्धा टोपलीत घालून गेले. शेजारचाही गेला, बायकोपोरांसकट. जाताना ह्यांना सांगून गेला, होळीला येतोच. मागं राहिली ती म्हातारी माणसं. समोरची अक्का शेंगा फोडता फोडता मला म्हणाली की, आम्ही देवाला सांगून ठेवलंय, न्यायचं तर होळीनंतर ने, मधे नको, उचलायला कुणी नसतं. मला हसू आलं. ती हसली नाही.

पौषातली गोष्ट. हे सकाळी निघाले. मी म्हटलं, एकटे नका जाऊ. म्हणाले, भरीत कर, जेवायच्या वेळेला येतो. मी वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी टाकल्या, त्या गार झाल्या तरी ह्यांचा पत्ता नाही. पलीकडच्या घरातल्या आबांना घेऊन मी निघाले. ओढ्याच्या वरच्या घळीत सापडले. जिवंत होते, शुद्धीवर होते. मांडी मोडली होती आणि पोटात फार दुखतंय म्हणत होते. घळीबाहेर येऊन मी फोन लावला. गाडी गावापर्यंत येणार होती. तिथवर ह्यांना आणायचं ते आपलं आपण.

आबा गावात जाऊन अक्काला आणि तिच्या जावेला घेऊन आले, बरोबर एक बाज. बाजेला चार खूर, उचलायला आम्ही चौघं: आबा, त्या दोघी म्हाताऱ्या आणि साठीला टेकलेली मी. थोडं चाललं की टेकवायची. अक्काला दम लागायचा, आबांचे पाय लटपटायचे. हे आधी सांगत होते, सावकाश, सावकाश. मग म्हणाले, तहान लागली. मग काही बोलले नाहीत. मला वाटलं, दुखतंय म्हणून गप्प पडलेत. आम्हा सगळ्यांचं लक्ष पायाखालच्या दगडांवर. गावात बाज टेकवली तेव्हा गाडी येऊन उभी होती. गाडीतल्या पोरानं नाडी बघितली, पुन्हा बघितली, आणि मान हलवली. नेमके कुठल्या वळणावर गेले, मला आजही ठाऊक नाही. माझ्या खांद्यावर गेले, एवढं खरं.

माझा धाकटा भाऊ म्हणाला, जळगावला चल. मी गेले नाही. होळीपर्यंत तिथंच थांबले, आणि खरं सांगते, रागानं थांबले. ‘इथं माणसं आहेत’ म्हणाले होते ना, ती माणसं मला बघायची होती.

होळीच्या तोंडावर ट्रक परत आले. ढोल वाजायला लागले. शेजारचा दाराशी आला, आत काही येईना. खाली बघत म्हणाला, "भाऊनी आमनी वाट का नही देखी?"

मला बोलायचं होतं. त्याला, गावाला, ह्यांना, त्या मेल्या श्रावणाला, सगळ्यांना खूप बोलायचं होतं. पण त्याच्या मागं अंगणात आणखी गडी येऊन उभे राहिले होते, बनियनवर, मान खाली घालून. उसाच्या मोळ्या वाहून त्यांच्या खांद्यांना घट्टे पडलेले. मी नुसती त्या खांद्यांकडं बघत राहिले. त्यातले चार मला पौषात हवे होते.