शंभर पावलांवरचं ‘हाय’

सदाशिव गेला त्याला आता पाच आठवडे झाले. त्याचे थोरले भाऊ तात्या भर दुपारी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. वर्गात पाढ्यांचा गलका चाललेला. ते म्हणाले, “मास्तर, सदा न्हाय.” मला ऐकू आलं ‘हाय’. मी म्हटलं, मग आत पाठवा की त्याला. तात्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला, तेव्हा कुठं उमगलं... या शब्दानं मला दुसऱ्यांदा दगा दिला.

पहिल्यांदा दिला तो गावाबाहेरच्या माळावर. सदा गिरणीत फिटर. हातात कसब, तोंड फाटकं. सोलापुरात रेडिओचीच अजून नवलाई, आणि या गड्यानं कळकाच्या कामट्यांवर रेशमी कापड ताणून विमान केलं, त्यात चिमुकलं पेट्रोलचं इंजिन बसवलं. जमिनीवर बिनतारी पेटीचं बटन दाबलं की वर विमानाच्या शेपटीचं सुकाणू हलणार! दोन वर्षं त्यात घातली. लोक त्याला खुळा म्हणत. मीही म्हणे, पण दर रविवारी सायकल काढून जाई.

उडवण्याआधी पेटीची हाक किती लांब पोचते ते बघायचं, हा त्याचा नेम. तो पेटी घेऊन दहा-दहा पावलं लांब जाई, बटन दाबी. मी विमानापाशी बसून, सुकाणू हललं तर ‘हाय’ ओरडायचं, नाहीतर ‘न्हाय’. ‘न्हाय’ आलं की त्यानं दहा पावलं जवळ येऊन पुन्हा दाबायचं. शंभर पावलं गाठली तरच उड्डाण. त्या दिवशी वारा पिसाटलेला. ऐंशीनंतर सुकाणू हलेना. मी घसा फोडून ‘न्हाय’ ओरडलो. वर्गात पोरांच्या ‘न्हाय’ला छड्या देणारा मी, तिथं शुद्ध ‘नाही’ ओरडलो असतो तर... वाऱ्यानं ‘न’ तेवढा खाल्ला. सदा शंभरापर्यंत जाऊन नाचतच परत आला. त्याचा तो चेहरा बघून माझी जीभच उचलेना. म्हटलं, चालेलही कदाचित.

विमान झकास उठलं आणि सरळ निघून गेलं. सदा बटन दाबत मागं धावत सुटला. तळ्यापलीकडं ठिपकासुद्धा दिसेनासा झाला, तेव्हा मी कबूल केलं. वाटलं, संपली आता मैत्री. तो तिथंच मातीत बसला. मग म्हणाला, “हितनं फुडं न्हाय असलं तर गप ऱ्हायचं. हाय असलं तरच वरडायचं. आन पेटी तू धर. तुझ्या तोंडाचा भरवसा न्हाय.”

वर्षभरात त्यानं दुसरं विमान केलं. आता पेटी घेऊन मी चालायचो आणि पाठीमागून त्याचं ‘हाय’ यायचं. आठवडाभर मी त्या एका शब्दाची वाट बघायचो, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं. नव्वद पावलं झाली होती. पुढच्या रविवारी शंभर करायची, असं ठरलं. त्याच आठवड्यात विषमज्वरानं त्याला धरलं...

विमान आणि पेटी तात्यांनी माझ्या हवाली केली. परवाच्या रविवारी मी माळावर गेलो. विमान त्याच्या नेहमीच्या जागी ठेवलं. पाठ फिरवून शंभर पावलं मोजली, बटन दाबलं. वारा अजिबात नव्हता. कुणी ओरडलं असतं तर स्पष्ट ऐकू आलं असतं. गप राहण्याचा अर्थ त्यानंच ठरवून दिलेला, मला तो ठाऊक होता.

मी दहा पावलं जवळ आलो आणि पुन्हा बटन दाबलं.